आमची वाटचाल : हादऱ्याचा पाट

लातूरच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमधून शाळांना विज्ञानाचं साहित्य पुरवायला लागून आम्हाला यंदा बावीस वर्षं झाली. भिंगं, चुंबकं सगळ्यांकडंच मिळतात. आम्हाला लोक ओळखतात ते भूकंपात घर कसं हलतं हे दाखवणाऱ्या हादऱ्याच्या पाटामुळं.

पाट आमच्या मिस्त्रीमामांचा. मामा औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, त्यांनी स्वतःच्या घराची भिंत जाताना पाहिली. "भिंत पडली नाही, तिचं पोट फुटलं," असं ते सांगतात. दगड-मातीची रुंद भिंत, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोघांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि वर मातीचं जड माळवद. मामांनी हे पोरांच्या हाताखाली आणलं.

सागवानी पाट, खाली सायकलचे छर्रे, बाजूला शिलाई मशीनचं जुनं पायडल आणि पट्टा. पाटावर मातीत रचलेलं, विटांच्या तुकड्यांचं वीतभर घर. शेजारी तसंच दुसरं, फक्त दाराच्या वरून चारही भिंतींना तारेची पट्टी फिरवलेली. पायडल मारलं की पहिल्याचे कोपरे आधी उघडतात. दुसऱ्याला भेगा पडतात, पण ते उभं राहतं. कडेला सायकलच्या दोन आऱ्या, एक लांब, एक आखूड, टोकाला मातीचे सारखे गोळे. पाय हळू चालवला तर लांब आरी झुलते, भरभर चालवला तर आखूड. एवढं दिसलं की पोरं आपणहून वेग कमीजास्त करायला लागतात. शिक्षकांना माझी विनंती, अशा वेळी गप्प राहा. "आधी कोणती झुलेल?" एवढंच विचारा, पोरांची उत्तरं फळ्यावर लिहा, मग पायडल मारू द्या.

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते २०१६ साल. एका कार्यालयातून निरोप आला, साठ पाट करा, कागद मागून येतो. मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून लाकूड आणलं. मग अचानक दरपत्रकं मागवली. आमचा दर ३,८००, बाहेरगावच्या एका पुरवठादाराचा २,१००. काम त्याला गेलं. वस्तू आमचीच उचललेली. पायडलच्या जागी मोटार, तिला वेग एकच, म्हणून आऱ्या काढून टाकलेल्या. वरून काचेची पेटी आणि चिठ्ठी, 'हात लावू नये'. मी मुद्दाम एका शाळेत जाऊन पाहिलं. पेटी कपाटावर होती, तिच्यावर हजेरीपटांचा ढीग. पैसे बुडाले ते भरून निघाले. पण पोराच्या पायातला वेग काढून घेतला, तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

मामांनी आठ महिने पगार घेतला नाही. त्याच सागवानाचे चौरंग केले, गौरी-गणपतीत विकले. नवीन धंदेवाल्यांनो, तोंडी ऑर्डरवर लाकूड कापू नका, समोरचा कितीही ओळखीचा असो.

त्या वर्षी एकच पाट विकला गेला. उमरग्याकडच्या जिल्हा परिषद शाळेच्या बाईंनी तो स्वतःच्या पगारातून घेतला. त्यांनी पोरांना पाट दाखवून घरी धाडलं, आजीला विचारा, आपली कोणती भिंत आधी गेली? वहीत उत्तरं आली. कोपरा. कोपरा. दाराची बाजू. एका आजी नातवाचा हात धरून शाळेतच आल्या आणि पायडलजवळ बसून राहिल्या. बाईंनी हे शेजारच्या शाळांना सांगितलं, त्यातून आमचं गाडं रुळावर आलं. पुढची वर्षं बरी गेली. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीला धक्के बसले, तेव्हा तिकडच्या शिक्षकांना आमचा नंबर बाईंनीच दिला.

परवा बाई शेडवर आल्या. निवृत्त झाल्या म्हणाल्या. पाट शाळेतच ठेवलाय, पण छर्रे झिजलेत, पाट अडकतो. मामांनी दोन डझन छर्रे मोजून पुडीत बांधले, वर तेलाची लहान बाटली दिली. मी पैसे नको म्हटलं. बाईंनी पुडी पिशवीत टाकली आणि पैसे मामांच्या हातात ठेवले.