तुम्ही विचारलंत म्हणून: नाळेतलं रक्त साठवावं का?

"सिस्टर, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवलं, तर उद्या घरात कुणाला ब्लड कॅन्सर झाला तर कामी येईल ना?" सातवा महिना लागला की हा प्रश्न येतोच. विचारणारी बहुधा आई किंवा सासू असते, हातात नाळेतलं रक्त साठवणाऱ्या खासगी बँकेचं माहितीपत्रक असतं. मी बोन मॅरो वॉर्डात, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज बदलतात त्या वॉर्डात, काम केलंय, म्हणून विचारता. मनापासून सांगते.

नाळेतल्या रक्तात नवं रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी असतात, त्यामुळे त्यात ताकद आहे, यात शंका नाही. 1988 साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या एका मुलाला त्याच्या धाकट्या बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं आणि तो बरा झाला. पण तो लहान होता. मोठ्यांच्या बाबतीत सगळं अडतं ते वजनावर. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे निदान अडीच कोटी पेशी लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दीडशे कोटी. एका नाळेतून जेमतेम वाटीभर रक्त निघतं, त्यात एवढ्या पेशी क्वचितच भरतात. म्हणून अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या बाळांच्या नाळेतलं रक्त एकाच रुग्णाला द्यायला सुरुवात केली. गंमत अशी की शेवटी त्यातल्या एकाच नाळेच्या पेशी रुजतात, म्हणजे रुग्णाच्या अंगात नवं रक्त बनवू लागतात.

त्या रुजेपर्यंतचे दिवस फार कठीण. वॉर्डात रोज सकाळी एकच प्रश्न: "काउंट आले का?", म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या का? प्रौढ दात्याकडून घेतलेल्या पेशींपेक्षा नाळेतल्या पेशी उशिरा रुजतात, तीन-चार आठवडेही लागतात, आणि तोवर साधा जंतूही जिवावर बेततो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नाळेच्या पेशींना, ओमिडुबिसेलला, अमेरिकेत एप्रिल 2023 मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत त्यांनी 22 दिवसांची वाट 12 दिवसांवर आणली.

आता तुमच्या बाळाची नाळ. बाळाला स्वतःला ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, झाला, तर ती सहसा वापरत नाहीत, कारण बिघाडाचं बी जन्माआधीच त्या रक्तात असू शकतं. शिवाय स्वतःच्या पेशी कॅन्सरच्या पेशींना परकं मानत नाहीत. आजोबांसाठी म्हणाल, तर मॅचिंग (दाता आणि रुग्ण यांच्या पेशी जुळणं) आणि पेशींची संख्या, दोन्ही अपुरी पडायची शक्यताच जास्त. आणि आज अर्धं मॅचिंग असलं तरी मुलगा बापाला बोन मॅरो देऊ शकतो. त्यासाठी जन्मापासून काही गोठवून ठेवावं लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही (आयसीएमआर) स्वतःच्या भावी वापरासाठी नाळ साठवण्याला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलंय. मोठ्या भावंडाला रक्ताचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टरांशी आधीच बोला.

माझ्या भाचीलाही मी हेच सांगितलं. तिने बँकेचे पैसे भरले नाहीत, दात्री या बोन मॅरो दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत गालाच्या आतला नमुना देऊन नाव नोंदवलं. आणि बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना एकच विनंती केली: नाळ कापण्याआधी मिनिटभर तरी थांबा, म्हणजे त्यातलं रक्त आधी बाळाच्या अंगात जाईल.