एमजीबीचे मागचे बुश आणि न निघणारा बोल्ट

सिमेंट रोडच्या जोडांवरून गेलं की मागून ठक-ठक यायचं. नागपुरात आता मुख्य रस्ते बहुतेक सिमेंटचेच, त्यामुळे हे संगीत घरापासून ऑफिसपर्यंत. त्याचं मला एवढं काही नव्हतं, जुनी गाडी बोलतेच. पण ॲक्सिलरेटर सोडला की गाडीची शेपटी जराशी एका बाजूला जायची आणि परत दाबला की जागेवर यायची, हे लक्षण मात्र बरं नव्हतं.

गाडी १९६०च्या दशकातली एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दिसायला कितीही देखणी असली तरी मागचं सस्पेन्शन बैलगाडीच्या काळातलं: एक सरळ ॲक्सल, दोन बाजूंना दोन कमानपाटे (लीफ स्प्रिंग). ॲक्सलला जागेवर धरणारे वेगळे रॉड वगैरे काही नाहीत. गाडी ढकलणं, ब्रेकचा जोर घेणं, खड्डे झेलणं, सगळं त्या पाट्यांच्या जिवावर. पाट्याच्या पुढच्या टोकाला गोल वळवलेला डोळा असतो, त्यात रबराचा बुश, म्हणजे मधून बोल्ट जाणारी नळी आणि भोवती रबर. मागचं टोक शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर, लटकतं. पुढचं रबर गेलं की अख्खा ॲक्सल पुढे-मागे सरकतो आणि गाडी थोडीशी मागच्या चाकांनीच वळू लागते. खाली शिरून डोळ्यापाशी टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबली तर आतली नळी डोळ्याच्या मधोमध नव्हतीच, एका कडेला टेकली होती. रबराचा कोपरा नखाने उकरला तर कडक चुरा हातात आला. पन्नासेक वर्षांचं वय आणि वर नागपूरचा मे महिना, दुसरं काय होणार!

आधी ज्या गॅरेजमध्ये विचारलं, तिथे "इम्पोर्टेड गाडी आहे, आम्ही हात लावत नाही" असं उत्तर मिळालं. शेवटी आयुष्यभर ॲम्बेसेडर केलेले एक मिस्त्रीकाका सापडले. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "काऊन घाबरून राहिले भाऊ? हे तर ॲम्बेसेडरचंच काम होय." खरंच होतं. ॲम्बेसेडर म्हणजे मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, तिलाही मागे पाटेच. तिचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन आणि माझ्या गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) एकाच बी-सिरीज घराण्यातलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काकांकडे इंचाच्या मापाचे पाने होते. या नटांना मिलिमीटरचा पाना लावला की कोपरे गेलेच समजा.

सामान ब्रिटनहून मागवलं. पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) बुश घ्या असं बरेच जण सांगतात. शॅकलला चालतीलही, पण पुढच्या डोळ्यात मी मूळ पद्धतीचे धातूच्या नळीला चिकटवलेले रबरी बुशच घेतले. गाडी कलली की पाटा थोडा पिळतो. तिथे कडक बुश असला की पाटा अडतो आणि आवाज थेट पाठीत येतो. मला रेस लावायची नव्हती, रामटेकला जायचं होतं.

पुढची चाकं ठोकळे लावून अडवली, मागून गाडी उचलून बॉडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवली आणि ॲक्सल जॅकवर तोलून धरला. शॉकॲब्सॉर्बरची लिंक, ॲक्सलला पाट्याशी बांधणारे यू-बोल्ट, खालची प्लेट, शॅकल हे सगळं डिझेल आणि हातोडीच्या भरवशावर निघालं. अडला तो पुढचा बोल्ट. नट निघाला, पण बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून एकजीव झाला होता. पाना मारला की डोकं फिरायचं, सोबत नळी फिरायची, रबर पिळवटायचं आणि पाना सोडला की सगळं परत होतं तिथे. काकांच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, गॅस मारू, म्हणजे ज्वाळेने तापवू. काकांनी आणि मी एकदमच "नाही" म्हटलं. मागे पेट्रोलची टाकी आहे, जवळून पाइप गेलाय.

मग हॅकसॉचं नुसतं पातं, एका टोकाला फडकं गुंडाळून, डोळा आणि ब्रॅकेटच्या फटीत घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला दुसरा शब्द नाही. हात पूर्ण फिरत नाही, पातं तापतं, रबराचा जळका वास नाकात बसतो. दुसऱ्या बाजूचा बोल्ट मात्र दोन दणक्यांत बाहेर आला, का ते तोच जाणे.

जुने बुश ट्रकचे पाटे बांधणाऱ्याच्या दुकानात प्रेसवर काढले. एकाची बाहेरची नळी डोळ्यातच राहिली. ती आतून उभी चिरून, छिन्नीने आत दुमडून काढावी लागली. चिरताना पातं पाट्याच्या डोळ्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही. तिथे ओरखडा पडला की पाटा पुढे तिथूनच तडकतो. नवे बुश बाहेरच्या नळीवर दाब देऊन बसवायचे, रबरावर किंवा मधल्या नळीवर नाही. शॅकलचे बुश अर्धे-अर्धे असतात, दोन्ही बाजू मिळून आठ तुकडे. ते साबणाच्या पाण्याने सरकवले. ग्रीस लावायचा मोह होतो, पण साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि सडतं.

आता खरी गोम. पुढच्या डोळ्याचा आणि शॅकलचे नट गाडी घोड्यांवर असताना नुसते हाताने बसवायचे. गाडी चाकांवर उतरवायची, मागून दोन-तीनदा दाबून हलवायची आणि मगच आवळायचे. हा बुश आत फिरत नाही, रबरच पिळलं जातं. पाटा लोंबत असताना आवळलात तर गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, मागची बाजू उंच दिसते आणि बुश लवकर फाटतो. काका जमिनीवर पाठ टेकून, गाडीच्या वजनाखालीच आवळत होते. जागा इतकी कमी होती की पाना प्रत्येक वेळी थोडाच फिरायचा.

ॲक्सल आणि पाट्यामधले रबरी पॅडही त्याच वेळी बदलले. ते नवे असले की आधी थोडे बसतात, म्हणून रामटेकची चक्कर मारून आल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासले. दोन्ही बाजूंच्या आठही नटांनी थोडा-थोडा आटा घेतला. कोणी हे काम काढणार असेल, तर बुशसोबत पुढचे दोन बोल्ट आणि यू-बोल्टही नवेच मागवा. जुने कापावे लागू शकतात, आणि ते इकडे दुकानात मिळत नाहीत.