पुण्यात बसून सांगलीचं टॅली, तेही ब्राउझरमध्ये

मामांचं सांगलीत हार्डवेअरचं दुकान आहे आणि हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये असतात, ते मी पुण्यातून बघते. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० तारखेला ३बी (कर भरायचं रिटर्न), आणि त्याआधीचे दिवस फोनवर: "मामा, ते बिल जरा उघडा, खाली जीएसटी नंबर काय आहे?" टॅली विंडोजवर चालतं आणि माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. मामेभाऊ मॅकवाला. सीए साहेब त्यांच्या ऑफिसच्या मशीनवर कुणाला काही टाकू देत नाहीत. सगळ्यांकडे असलेली गोष्ट एकच, ब्राउझर.

टॅलीप्राइमचे रिपोर्ट ब्राउझरमध्ये बघायची सोय टीएसएस (टॅलीची वर्गणी) चालू असेल तर मिळते. पण ती बघण्यापुरतीच, व्हाउचर टाकता येत नाही. मला अख्खं टॅली हवं होतं, म्हणून अपाची ग्वाकामोलीकडे वळले. दूरच्या मशीनचा स्क्रीन ब्राउझरमध्ये आणून देणारं हे सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स आहे, २०१७ पासून अपाची फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प आहे. त्याचे दोन भाग. ग्वाकडी नावाचा भाग विंडोजशी आरडीपीने, म्हणजे मशीन दुरून चालवायच्या विंडोजच्या सोयीने, बोलतो. दुसरा भाग वेब अ‍ॅप, ते स्क्रीनचा जेवढा तुकडा बदलला तेवढाच ब्राउझरकडे पाठवतं. टॅलीचा स्क्रीन म्हणजे बहुतेक अक्षरंच, त्यामुळे साध्या इंटरनेटवरही ते अडत नाही. व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर असतं तर मी या वाटेला गेलेच नसते.

गोडाउनमधल्या एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) हे बसवलं. नावं आणि पासवर्ड ठेवायला सोबत पोस्टग्रेस हा डेटाबेस. पहिल्या लॉगिनचं नाव आणि पासवर्ड दोन्ही 'ग्वाकअ‍ॅडमिन' असतात आणि ते साऱ्या जगाला ठाऊक आहेत, तेव्हा आधी ते बदलायचे. ओटीपीचं एक्स्टेन्शनही लगोलग लावलं.

नेट जोडून देणाऱ्या मुलाने सल्ला दिला होता, "ताई, राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून टाका, झालं काम." हे करू नका. उघड्या आरडीपी पोर्टमधून रॅन्समवेअर शिरतं आणि मग वर्षभराचे हिशेब कुलूपबंद. तसंही आमच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून दिसणारा पत्ता, नव्हताच. क्लाउडफ्लेअरचा टनेल वापरला. त्यात दुकानातलं मशीनच बाहेर जाऊन जोडून घेतं, बाहेरून आत यायला दार लागत नाही. वर एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) आपोआप मिळतं, त्याचा उपयोग पुढे येतो.

विंडोजच्या बाजूला दोन गोष्टी आधी बघून घ्या. एक, होम एडिशनवर बाहेरून आरडीपी घेता येत नाही, प्रो लागतं. दोन, प्रोवर एका वेळी एकच माणूस. मी लॉगिन केलं की तिथला स्क्रीन लॉक होतो. पहिल्याच दिवशी मामांचा फोन. "अगं, काम्प्युटर गेला की! गिऱ्हाईक उभं आहे." आमचं लायसन्स गोल्ड, म्हणजे मल्टी-यूजर, म्हणून गोडाउनमधलं दुसरं विंडोज मशीन मी माझ्यासाठी घेतलं. काउंटरला आता हात लावत नाही. कनेक्शनच्या पानावर 'सर्व्हर सर्टिफिकेटकडे दुर्लक्ष करा' या अर्थाची चौकट असते. दुकानातल्या दुकानात जोडायचं असेल तर ती टिक करावी, नाहीतर कारण न सांगता जोडणी तुटते.

चित्र दिसलं. पण टॅली माउसने चालवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि इथेच खरं काम सुरू झालं.

एफ५ ची मला धास्ती होती. टॅलीत ते पेमेंट व्हाउचर, ब्राउझरमध्ये रिफ्रेश. प्रत्यक्षात काही झालं नाही. ग्वाकामोली ते बटण स्वतः पकडून पलीकडे पाठवतं, एफ१२ चंही तसंच. गोची कंट्रोल-एनची. टॅलीत त्याने कॅल्क्युलेटर उघडतो, क्रोममध्ये नवी खिडकी. कंट्रोल-टी टॅलीत व्हाउचर पोस्ट-डेटेड करतं, क्रोममध्ये नवा टॅब. ही बटणं क्रोम कुठल्याच वेब पानाला देत नाही. उपाय सापडला तो साधा: क्रोमच्या मेनूतून ते पान अ‍ॅप म्हणून इन्स्टॉल करायचं, म्हणजे ते स्वतःच्या वेगळ्या खिडकीत उघडतं. टॅबची पट्टी नसलेल्या त्या खिडकीत क्रोम आपला हक्क सोडतं आणि कंट्रोल-एन दाबलं की कॅल्क्युलेटरच उघडतो. त्या दिवशी चहा जरा जास्तच गोड लागला.

मराठीचं असं. पार्ट्यांची नावं आणि नॅरेशन मामांना मराठीतच लागतं. मी माझ्या लॅपटॉपवर कीबोर्ड इंग्रजीच ठेवते आणि पलीकडच्या विंडोजमध्ये टास्कबारवरून मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड निवडते. बटणं जशीच्या तशी जातात आणि 'क' विंडोजच उमटवतं. दोन्हीकडे मराठी करायला जाऊ नका, मग कोण काय टाइप करतंय तेच कळत नाही.

कॉपी-पेस्टला एचटीटीपीएस कामी आलं. क्रोम एकदा परवानगी विचारतं, मग दोन्हीकडचा क्लिपबोर्ड एकच. दुसऱ्या एखाद्या ब्राउझरमध्ये जमलं नाही तर कंट्रोल-अल्ट-शिफ्ट दाबा. बाजूला पट्टी उघडते, तिथल्या चौकटीत मजकूर टाकायचा.

फाइलींसाठी कनेक्शनमध्ये ड्राइव्ह चालू करावा लागतो. जीएसटीआर-१ ची जेसॉन फाइल त्या ड्राइव्हच्या 'डाउनलोड' फोल्डरमध्ये टाकली की ती आपोआप माझ्या ब्राउझरमध्ये उतरते. तिथून जीएसटी पोर्टलवर. प्रिंटचंही चालू केलं तर विंडोजमध्ये एक ग्वाकामोली प्रिंटर दिसतो. त्यावर प्रिंट दिली की पीडीएफ माझ्याकडे येते, दुकानाचा प्रिंटर निवडला तर कागद दुकानात निघतो. लेजर लांबलचक असेल तर आधी प्रिंटरचं नाव वाचून घेते.

मामी टॅब्लेटवर उधारीची यादी बघतात. स्क्रीनवरचा कीबोर्ड त्यांना बारीक वाटतो, म्हणून व्हाउचर टाकायच्या भानगडीत त्या पडत नाहीत, आणि ते ठीकच आहे. सांगलीत लाइट जाते तेव्हा मात्र सगळंच बसायचं. आता दोन्ही मशीनच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आली की आपोआप सुरू व्हायची सोय लावली आहे आणि डॉकरचे कंटेनरही स्वतःहून उठतात. राउटर तेवढा अजून यूपीएसवर घ्यायचा आहे, मामांना सांगून ठेवलंय.