आर्किएरिस : यंदाच्या मोसमाची नोंद

बर्चच्या रानात सावलीला अजून बर्फ आहे, पान एक नाही, तुरे मात्र लोंबू लागलेत आणि शेंड्यांभोवती आर्किएरिस पार्थेनियास हे छोटे पतंग भिरभिरताहेत. मागच्या वसंतात ते फक्त दुर्बिणीतून पाहिले. यंदा चाल बदलली. शेंड्यांचा नाद सोडला आणि रानवाटेची ओलसर माती, फुललेले विलो यांच्यावर नजर ठेवली. ढग आला की पतंग खाली उतरतात आणि जवळून पाहू देतात. पुढचे पंख तपकिरी-करडे, सालीवर बसला की दिसेनासाच होतो. मागचे पंख नारिंगी, त्यांवर काळे पट्टे. काय देखणा जीव आहे!

रात्री दिव्याने पतंग ओढणारा प्रकाशसापळा या पतंगांसाठी घरीच ठेवा. हे उन्हात उडणारे पतंग. त्यांच्या कानांवरचा १९९८ चा अभ्यास मला फार आवडतो: पार्थेनियासला कान आहेत, पण ते खालच्या पट्टीतल्या आवाजांना लागलेले. वटवाघळांच्या श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणाऱ्या, फार उंच पट्टीतल्या) आवाजांना ते जवळजवळ बधिर. रात्रीच्या शिकाऱ्याशी गाठच पडत नाही, मग ते ऐकायचं कशाला!

ओळख पटवताना घाई नको. नोथा ही जाती पूर्वी आर्किएरिस याच प्रजातीत (genus) धरत, आता ती बूदिनोशियाना या वेगळ्या प्रजातीत गेली आहे. उडताना दोन्ही सारख्याच दिसतात. नोथाच्या नराच्या स्पर्शिका पिसासारख्या, पार्थेनियासच्या नुसत्या दातेरी. नोथा अ‍ॅस्पेनच्या झाडावरची, म्हणून आसपास अ‍ॅस्पेन असेल तर स्पर्शिकांचा फोटो मिळेपर्यंत मी नाव लिहीत नाही. उत्तर अमेरिकेतल्या मंडळींकडे आर्किएरिस इन्फन्स ही जाती आहे, तीही बर्चवरचीच.

आता लक्ष अळ्यांवर. त्या आधी तुरे खातात, मग कोवळी पानं, म्हणून पालवी फुटताच फांदीखाली पांढरं कापड धरून झटकायला सुरुवात करणार. कुळ उंटअळ्यांचं, म्हणजे पोटाखाली पाय कमी असल्याने कमान करत चालणाऱ्या अळ्यांचं, पण या अळीला पोटाखाली पायांच्या जास्तीच्या जोड्याही असतात, खुरटलेल्या. त्या भिंगाखाली पाहायच्यात. कोष साल किंवा कुजकं लाकूड पोखरून होतो आणि कधीकधी एकाहून जास्त हिवाळे तसाच राहतो. कुणी अळी कोषापर्यंत वाढवली असेल तर लाकडाचा तुकडा केव्हा ठेवला आणि हिवाळाभर ओल कशी राखली, ते जरूर लिहा.