आग्या, अस्वल आणि आमच्या पेट्या : मधाच्या धंद्यातली वाटचाल

इतकी वर्षं झाली तरी सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याच्या आमच्या दुकानात बाटली हातात घेऊन कुणी ना कुणी विचारतंच, "पर्यटकांना माश्या चावल्या होत्या, ते तुमच्याच पेट्यांचं ना?" ते आमच्या पेट्यांचं नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. ही वाटचाल लिहायचं मनात बरेच दिवस होतं. त्या प्रकरणात जे घडलं ते घडलं तसं एकदा लिहून ठेवायचं, हे त्यातलं मोठं कारण.

धंदा मामंजींचा. कोयनेच्या पाण्याखाली खोऱ्यातली भातखाचरं गेली, 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात राहतं घर बसलं. हातात उरला तो वरचा डोंगर आणि त्यावरचं मालकी रान. मामंजी महाबळेश्वरला जाऊन मधमाशीपालन शिकून आले आणि सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या लहान मधमाशीच्या, थोड्या पेट्या घेऊन कोयनेच्या पाण्यापलीकडे बसले. भांडवल घातलं मामंजींनी आणि रान दाखवलं धनगरवाड्यावरच्या आबांनी. आबांशी कागदावर भागीदारी कधी झाली नाही. हंगाम संपला की मधाचे डबे मोजायचे आणि तिसरा हिस्सा त्यांच्या घरी पोचवायचा, एवढाच करार. आबा गेल्यावर त्यांच्या मुलालाही तो हिस्सा तसाच जातो.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी पहिल्यांदा हातात दिला तो धुराडा, माश्या शांत करायला धूर सोडायचं साधन. पत्र्याचा, मागे चामड्याचा भाता, तोंडाशी काळपट मेण साचलेलं. बाजारातले नवे धुराडे हलके असतात, पण त्यांचा भाता दोन पावसाळ्यांत फाटतो. आमच्या जुन्याचा भाता आबांच्या ओळखीच्या चांभारानं शिवलेला. त्यात वाळलेली शेणी आणि नारळाचा काथ्या एवढंच घालायचं. धूर थंड आणि पांढरा यायला हवा, हाताच्या मागच्या बाजूवर सोडून बघायचा आणि चटका लागला तर माश्यांवर सोडायचा नाही. रॉकेलचा बोळा किंवा रबर जाळणारे लोक मी बघितले आहेत. त्यांच्या मधाला तो वास येतो आणि माश्या घर सोडून जातात ते वेगळंच. नवशिक्यांनी हे आधी शिकावं, चौकटीतून मध काढायचं मधयंत्र नंतर घ्यावं.

1985 साली कोयना अभयारण्य झालं, 2010 मध्ये ते चांदोलीबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. आमच्या पेट्या हद्दीबाहेर, मालकी रानातच असतात. पण अस्वलाला हद्द कुठली?

अस्वलाची ती रात्र मी विसरणार नाही. पेट्या हलवायच्या त्या दिवस मावळल्यावर, सगळ्या माश्या आत परतल्या की दारं बंद करून. जांभळाचा बहर सरत आला होता, वर हिरडा फुलला होता, म्हणून पेट्या वरच्या टप्प्यावर न्यायच्या होत्या. पुरुष माणसं पहिली खेप घेऊन पुढे गेली. मी आणि आबा उरलेल्या पेट्यांजवळ थांबलो. चांदणं होतं, पण जांभळीखाली काळोखच. आधी आबांचा कुत्रा गुरगुरला आणि मग एकदम गप्प होऊन आबांच्या पायांत शिरला. भुंकणारा कुत्रा गप्प झाला की समजावं.

मग लाकूड मोडल्याचा आवाज. त्यामागून एक आवाज आला तो मी आधी कधीच ऐकला नव्हता. पाणी संपलेल्या विहिरीत पंपानं हवा ओढावी तसा, लांब, ओला, थांबून थांबून. अस्वल मधकोठी, म्हणजे पेटीचा मधाचा कप्पा, उलथून चौकटीतला मध आणि पिलावा, म्हणजे माश्यांच्या अळ्या, ओढून घेत होतं. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी आणि मध शोषतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी नुसता तो आवाज आणि आमच्यामधलं अंतर एवढंच कळत होतं. अंगणाच्या लांबीपेक्षा जास्त नव्हतं ते.

आबा अगदी नेहमीच्या आवाजात बोलले, "सूनबाई, हलू नगं. धूर सोड आन् तिथंच हुबी ऱ्हा. पळालीस तर तोंडावर येतंय ते." धुराडा पेटलेला होता हे नशीब. मी भाता दाबत राहिले, हात इतका थरथरत होता की धूर तुटक तुटक जात होता. आबा मात्र बोलतच होते. पावसाचं, म्हशीचं, नातवाच्या शाळेचं, मोठ्यानं आणि सावकाश. अस्वलाची नजर आणि कान मंद, नाक तेवढं तिखट. माणूस अचानक जवळ सापडला की ते बिथरतं, उभं राहतं आणि चेहऱ्यावर पंजा मारतं. माणूस कुठं आहे हे त्याला आधीपासून कळत राहिलं तर बहुतेक वेळा ते वाट बदलतं. ते उभं राहिलं. छातीवरचा पांढरा पट्टा मला चांदण्यात दिसला. किती वेळ तसं होतं कोण जाणे. मग ते चारही पायांवर आलं आणि कारवीच्या झुडपांतून खाली उतरत गेलं. काड्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सकाळी पेटीच्या फळीवर पंजाचे ओरखडे होते, बोट आत जाईल एवढे खोल. मोडक्या चौकटीला मधात चिकटलेले काळे, राठ केस. ती फळी आम्ही जाळली नाही, दुकानात गल्ल्यामागे लावली आहे. गिऱ्हाइकं फोटो काढतात. पण सांगते, रानात पेट्या ठेवणाऱ्यानं संध्याकाळनंतर गप्प चालू नये. बोलत चालावं, काठी आपटत चालावं. कानात गाणी लावून रानातून जाणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.

आता ते प्रकरण.

एका एप्रिलात आमच्या पेट्यांपासून बऱ्याच खाली, ओढ्याच्या वरच्या कड्यावर आग्याची, म्हणजे पेटीत न राहणाऱ्या मोठ्या रानमाशीची, मोहोळं लागली होती. आग्या दरवर्षी येते, बहर संपला की जाते. तिचं एकच मोठं उघडं पोळं असतं, कड्याला किंवा उंच झाडाला लटकलेलं. आम्ही तिकडे गिऱ्हाइकांना कधीच नेत नाही. त्या दिवशी पुण्याकडची एक सहल लाँचनं उतरली, बरोबर वाटाड्या नाही, आणि त्यांनी नेमकी त्या कड्याखाली तीन दगडांची चूल मांडली. ओला पाला घातला. धूर सरळ वर गेला.

आम्ही वर पेट्या तपासत होतो. आधी वास आला, पिकल्या केळ्याचा. तो वास मधपाळाला चांगला माहीत असतो. माशीनं काटा मारला की तो सुटतो आणि बाकीच्या माश्यांना बोलावतो. मग खालून किंकाळ्या.

आमच्याकडे कामाला असलेला पोरगा, तेव्हा जेमतेम विशीतला, धुराडा घेऊन उतरला. मागे माझे यजमान, मागे मी आणि आबा घोंगडी घेऊन. ते दृश्य मला अजून झोपेत दिसतं. हवा काळी झाली होती. एक बाई ओढ्यातल्या डोहात उतरून डोकं वर काढत होती आणि प्रत्येक वेळी माश्या तिच्या तोंडावर बसत होत्या. पाण्यात उडी मारू नये ती यासाठी. आग्या वर घिरट्या घालत थांबते. एक माणूस जागच्या जागी हात फिरवत होता, म्हणजे माश्यांना अजून डिवचत होता. आमच्या पोरानं त्या बाईला बाहेर ओढलं, स्वतःचा जाळीचा बुरखा तिच्या डोक्यावर घातला आणि स्वतः उघडा राहिला. आबांनी दोन मुलांना घोंगडीखाली घेऊन कारवीच्या दाट जाळीत आडवं पाडलं. काळ्या लोकरीवर आग्या जास्त धावते, पण घोंगडी जाड होती, काटे आत पोचले नाहीत.

पोराच्या मानेवर, पापण्यांवर, कानांत काटे. मी नखानं खरवडून काढत होते. काटा चिमटीत धरत बसू नये, कसाही काढावा पण पटकन काढावा, कारण तो अंगात राहिला की विष सोडत राहतो. त्याचे ओठ सुजले, श्वासाला घरघर लागली. लाँचवाल्यानं पुढची फेरी सोडून आम्हाला बामणोलीला आणलं, तिथून जीपनं सातारा. दवाखान्यात अॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा त्याचा श्वास मोकळा झाला. सहलीतली सगळी माणसंही वाचली. आज तो पोरगा आमचा मुकादम आहे आणि पेट्यांचा सगळा हिशेब त्याच्याकडे असतो.

आणि बक्षीस काय मिळालं? आठवड्याच्या आत तालुकाभर झालं की आमच्या पेट्यांतल्या माश्या उठल्या. ही बातमी कुणी पेरली ते आम्हाला ठाऊक आहे. त्याच बाजारात मध विकणारा एक व्यापारी होता, दर आमच्या निम्मा. निम्म्या दरात जांभळाचा मध कसा देता येतो हे मधपाळाला विचारायला लागत नाही. साखरेचा पाक आम्हीही पावसाळ्यात देतो, वसाहत जगवायला, कारण आमच्याकडच्या पावसात माशी बाहेरच पडू शकत नाही. पण तो खुराक पेटीत जातो. बाटलीत जात नाही. या गृहस्थानं महाबळेश्वर-पाचगणीच्या आमच्या हॉटेलवाल्यांना जाऊन सांगितलं की यांच्यावर केस होणार, माल ठेवू नका. एका छोट्या वर्तमानपत्रानं आम्हाला न विचारता तेच छापलं. बाटल्यांची खोकी परत यायला लागली. पतपेढीचा हप्ता थकला. गावसभेत विषय आला की पेट्या उचला. मामंजी त्या काळात जेवायचे नाहीत, अंगणात पेट्यांकडे तोंड करून बसायचे. आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले, विकून टाकू.

मी एक काम त्याच दिवशी केलं होतं. आबांच्या घोंगडीत अडकलेल्या मेलेल्या माश्या वेचून तंबाखूच्या डबीत ठेवल्या होत्या. काटा मारलेली माशी मरते, शेकड्यानं होत्या. गावसभेत मी ती डबी उघडली आणि शेजारी आमच्या पेटीतल्या मेलेल्या सातेरी ठेवल्या. आग्या सातेरीच्या जवळजवळ दुप्पट असते. लहान मुलालाही फरक दिसतो. डबी हातोहात फिरली. म्हातारी माणसं तर बघताक्षणी म्हणाली, ही आग्या हाय. पेट्या राहिल्या. त्या व्यापाऱ्यानं आजपर्यंत शब्द मागे घेतलेला नाही, वर्तमानपत्रानं दोन ओळींचा खुलासा छापला नाही.

बाजार मात्र डबीनं परत येत नव्हता. तेव्हा वाईचे आमचे वैद्यबुवा एसटीनं मेढ्याला आले. मामंजींच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. कारवी फुलली की तिचा मध तेच नेत, आणि ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते म्हणून मधल्या वर्षांत हिरड्याचा. बुवांनी कधी घासाघीस केली नाही, पण मध चमच्यातून सोडून तार बघितल्याशिवाय कधी घेतलाही नाही. त्या दिवशीही डबा उघडून तार बघितली. मग परत आलेला सगळा माल त्यांनी घेतला, पैसे मोजून मामंजींच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "यंदाचं आणि पुढच्या हंगामाचं धरा." पावती त्यांनी मुद्दाम मागितली. ती वाईत आपल्या दवाखान्यात लावली, लोकांनी नाव वाचावं म्हणून. पुढच्या पावसाळ्याआधी पतपेढीचा हप्ता भरला गेला. या घरावर बुवांचं ऋण आहे आणि ते फिटण्यातलं नाही.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. पेट्या वाढल्या, मुलगा धंद्यात आला. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेनं तपासलेल्या मधाच्या 13 ब्रँडपैकी 3 च सगळ्या चाचण्यांत पास झाले, तेव्हा लोक शोधत रानातल्या मधाकडे आले. 2022 मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्याचाही आनंद झाला. एक खंत आहे. कारवीच्या मधात सुक्रोजचं, म्हणजे उसात असते त्या साखरेचं, प्रमाण निसर्गतःच जास्त असतं, सरकारी नियमांतसुद्धा त्याला इतर मधापेक्षा वेगळी, दुप्पट मुभा आहे. तरी एका मोठ्या खरेदीदारानं आमचा कारवीचा माल भेसळ म्हणून परत पाठवला. नियमाचं पान जोडून पत्र लिहिलं, उत्तर नाही. मध घेणाऱ्यांनी निदान फूल कोणतं ते विचारावं.

आता आम्ही लोकांना पेट्या दाखवायला नेतो. अत्तर, केसांना वासाचं तेल, काळे कपडे चालत नाहीत, आणि ऐकलं नाही तर आम्ही लाँचवरूनच परत पाठवतो, पैसे परत करून. कुणी चिडतात, चिडू देत. पूर्वी चावून कुणाला धाप लागली असेल तर त्यानं ते आधी सांगावं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊच नये. आग्याचं मोहोळ दिसलं आणि त्यावर चमकती लाट फिरताना दिसली, तर ती तुम्हाला बघते आहे असं समजा. मोबाइल खिशात ठेवा, हात खाली, आल्या वाटेनं मागे फिरा. आणि उठलीच तर पाण्याकडे नाही, तोंड झाकून दाट जाळीकडे किंवा बंद घराकडे पळा, थांबू नका, माशी मारू नका. कड्याखाली चूल तर कधीच मांडू नका, चहा बामणोलीला चांगला मिळतो.