मर्वच्या भिंतीला फुटलेलं मीठ

तुर्कमेनिस्तानच्या टूरला लोक पैसे भरतात ते दोनच गोष्टींसाठी, अश्गाबातच्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरी बिल्डिंगा आणि काराकुम वाळवंटातला दरवाझाचा जळता गॅसचा खड्डा. मर्व या जुन्या, ओस पडलेल्या शहराचा दिवस मधे येतो आणि टूर मॅनेजर म्हणून मला तोच सगळ्यात जड जातो. अश्गाबातपासून मारी शहर साडेतीनशे किलोमीटर, तिथून बैरामअलीच्या बाजूला अजून थोडं, डोक्यावर ऊन, सावलीच्या नावाने बोंब, आणि समोर काय तर माती. म्हणजे एकेकाळी जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं हे, पण कच्च्या विटांचं. मुरगाब नदी पात्र बदलत गेली तसं शहरही सरकत गेलं, म्हणून एर्क कला, ग्यावूर कला, सुलतान कला अशी वेगवेगळ्या काळातली शहरं शेजारीशेजारी पडलीयेत.

बसमध्ये मागून आवाज आलाच, "एवढ्या लांब ढेकळं दाखवायला आणलं होय?" मी हसून सोडून दिलं, वाद घालण्यात अर्थ नसतो.

सुलतान संजरच्या कबरीपाशी जरा जीव आला ग्रुपमध्ये. बारावं शतक, भलामोठा घुमट, आत गारवा, फोटो झाले. आमची गाईड (या देशात टूरिस्टबरोबर लोकल गाईड लागतोच) १२२१ सालचं सांगत होती, चंगेझखानाचा मुलगा तुलुई आला आणि शहर कापून काढलं. जुने इतिहासकार मेलेल्यांचा आकडा सात लाखांपासून तेरा लाखांपर्यंत देतात, फुगवलेला असणारच, पण ऐकताना सगळे गप्प झाले. ग्यावूर कलात बौद्ध स्तूपही होता हे कळल्यावर दोघातिघांनी तरी वहीत लिहून घेतलं.

मग मोठा कीझ कला, म्हणजे गढीसारखी एक जुनी मातीची इमारत. बाहेरच्या भिंती अशा की उभे ओंडके एकाला एक चिकटवून लावलेत. इथे मी डोकी मोजली तर एक कमी. शिरोळकडचे एक ऊसवाले काका होते, अख्ख्या टूरमध्ये फारसं न बोललेले, ते दोरी ओलांडून थेट भिंतीच्या बुडाशी जाऊन उकिडवे बसलेले. मी धावतच गेलो, "काका, हात नका लावू, इथे चालत नाही!" तर ते म्हणाले, "आवं लावत न्हाई, हिकडं बघा. मीठ फुटलंय."

खरंच. जमिनीलगत भिंतीवर पांढरी भुकटी, वीट आतपर्यंत खाल्ली गेलेली, कोपरापर्यंत हात जाईल एवढी खपली पडलेली, आणि वरचा सगळा भार तसाच अधांतरी. काकांनी खाली पडलेली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकले. "आमचं खालच्या अंगाचं रान असंच गेलं. हितं जवळ कॅनॉल हाय का?"

तोपर्यंत गाईड चिडून आमच्यामागे आलीच होती. मी हा प्रश्न इंग्रजीत विचारला तसा तिचा चेहराच बदलला. आहे म्हणाली. काराकुम कॅनॉल, १९५४ पासून खणत गेले, अमू दर्या नदीचं पाणी हजार किलोमीटरच्या वर वाळवंटातून ओढत नेलंय, बराचसा नुसता मातीत खणलेला, अस्तर नाही. पाणी झिरपतं, वरून कापसाला पाट, की जमिनीतलं पाणी वर येतं, भिंत ते शोषते, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार विटेत राहून वीट आतून फोडतो. हेच संशोधक इथे कितीतरी वर्षं सांगतायत. आणि हा ऊसवाला माणूस दोन मिनिटात तिथे पोचला!

मला राहून राहून याचीच गंमत वाटत होती की हे शहर वसलं मुरगाबच्या बंधाऱ्यांवर, अठराव्या शतकाच्या शेवटी बुखाराच्या अमीराने बंधारा फोडला तेव्हा पाण्यावाचून उरलंसुरलंही ओस पडलं, आणि आता जे उभंय ते पाणी जास्त झाल्यामुळे पडतंय. ढेकळंवाले गृहस्थही आता वाकून बघत होते, त्यांना म्हटलं दोरीच्या अलीकडून बघा.

गाईडने मग खुशीत येऊन दुसऱ्या बाजूला नेलं, तिथे खाल्लेल्या भागात नव्या मातीच्या विटा बसवून भुसा घातलेल्या चिखलाचं लिंपण केलंय. हे प्रोग्रॅममध्ये नव्हतं, त्यामुळे मारीतलं जेवण लांबलं आणि ड्रायव्हर माझ्यावर फुगला.

जेवताना काकांनी पेपर नॅपकिनवर चर काढून दाखवला, जमिनीखाली सच्छिद्र पाइप कसे टाकायचे, उतार किती ठेवायचा, एकट्याने करून उपयोग नाही कारण पाणी पुढच्याच्या रानातून न्यावं लागतं. गाईड तमदिरातली (म्हणजे इथल्या तंदूरमधली) रोटी मोडत ऐकत होती, मी दोन्हीकडून बोलून थकलो. शेवटी काकांचा प्रश्न, "निचऱ्याचं पाणी सोडता कुठं?" ती म्हणाली, मोठे चर खणून काराकुममध्येच एका खोलगट भागात सोडतात, अल्तिन असिर नावाचा तलावच करतायत, २००९ मध्ये उद्घाटनही झालं.

"खारं पाणी वाळवंटात?" काका म्हणाले. "आन् त्ये तिथनं झिरापलं म्हंजी?"

तिने खांदे उडवले आणि चहा मागवला.