नावाहो पोलिसांच्या गोष्टीत एवढं काय आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण हा प्रश्न मला घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, शेल्फवरची टोनी हिलरमन या अमेरिकन रहस्यकथाकाराच्या पुस्तकांची रांग बघितली की. "अमेरिकेच्या वाळवंटातल्या त्या मूळनिवासी जमाती, नावाहो, होपी, झुनी, त्यांचे विधी, त्यांची भुतं... खुनाच्या गोष्टीत हे सगळं कशाला? आणि तुला त्यात काय एवढं?"

तर कशाला ते आधी सांगते. ते काढून टाकलं तर खून सुटतच नाही.

'द घोस्टवे' घ्या, 1984 चं पुस्तक. नावाहोंचं पारंपरिक घर म्हणजे होगन, लाकडाचं नि मातीचं, दार कायम पूर्वेला. जुन्या समजुतीप्रमाणे माणूस घरात मेला की त्याच्यातलं जे काही वाईट होतं ते तिथेच अडकून राहतं, त्याला चिंडी म्हणतात, मग उत्तरेच्या भिंतीला भगदाड पाडून प्रेत बाहेर काढायचं आणि ते घर कायमचं सोडायचं. म्हणून शहाणी माणसं मरायला टेकलेल्याला आधीच बाहेर उघड्यावर आणतात, घर तरी वाचतं. आता या गोष्टीत असंच एक भगदाड पाडलेलं रिकामं होगन सापडतं आणि जवळच रीतसर ठेवलेलं प्रेत. बाहेरच्या पोलिसाला वाटेल की झालं, जखमी माणूस गेला, घराचा मालक म्हातारा घर सोडून निघून गेला, फाइल बंद. पण जिम ची हा नावाहो पोलीस तिथेच अडतो, कारण परंपरा पाळणारा म्हातारा त्या माणसाला आत मरूच कसा देईल? आणि बाकी सगळं नीट केलंय तर प्रेताचे केस युक्का या वाळवंटी झाडाच्या फेसाने, रीतीप्रमाणे, का धुतलेले नाहीत? बोटांचे ठसे नाहीत की लॅबचा रिपोर्ट नाही, न धुतलेले केस हाच पुरावा. मला हे वाचताना जो आनंद होतो तो लंडनच्या दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून केलेल्या खुलाशात कधी झालेला नाही, सॉरी.

हेतूचंही तसंच. तिथे वाईट वागणाऱ्या माणसाबद्दल म्हणतात की हा असा वागतो जणू त्याला नातेवाईकच नाहीत, आणि याहून मोठी शिवी नाही. दोन नावाहो पहिल्यांदा भेटले की आधी कुळं सांगतात, आईचं कुठलं, बापाचं कुठलं. एखाद्याने खूप पैसा साठवला आणि भाऊबंद उपाशी आहेत तर लोक त्याला श्रीमंत म्हणून मान देत नाहीत, उलट संशय घेतात. म्हणजे पैशासाठी किंवा सूडासाठी खून हे जे आपण डोळे मिटून गृहीत धरतो त्यावर ची आणि लेफ्टनंट जो लीपहॉर्न दोघेही पहिल्यांदा थबकतात.

हे दोघं एकमेकांसारखे अजिबात नाहीत हे बरंय. ची तरुण, पोलिसाची नोकरी सांभाळून हताली व्हायला शिकतोय, म्हणजे कित्येक रात्री चालणाऱ्या विधींची गाणी पाठ करून, वाळूची चित्रं काढून माणसाला पुन्हा नीट करणारा. लीपहॉर्न वयाने मोठा, चेटूकबिटूक ऐकलं की त्याचं डोकं फिरतं, त्याच्या भिंतीवर एक मोठा नकाशा आणि त्यात टाचण्या, प्रत्येक केसची एक. 1986 पर्यंत दोघांची पुस्तकं वेगवेगळी होती, 'स्किनवॉकर्स'मध्ये एकत्र आले, आणि तेव्हापासून खरी मजा.

आणि तो नकाशा नुसता शोभेला नाहीये बरं का. नावाहो नेशन, म्हणजे नावाहोंचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश, साधारण 70 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ पाव भाग, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि युटा तीन राज्यांत पसरलेलं, आणि पोलीस मूठभर. रेडिओवर मदत मागितली तर मदत यायला तास-दीड तास जाणार हे वाचकाला माहीत असतं, त्यामुळे एखादी गाडी लांबून धूळ उडवत येतेय एवढ्या एका वाक्याने पोटात गोळा येतो. लपायला जागा नसलेल्या प्रदेशात रहस्यकथा! उन्हाळ्यात दुपारी ढग चढतात, कधी बरसतात कधी नुसतेच कोरडे गडगडतात, पाऊस आलाच तर कोरडा ओढा भरतो, कच्चा रस्ता चिखल होतो, पाठलाग थांबतो, टायरचे माग धुतले जातात. 1996 च्या 'द फॉलन मॅन'मध्ये तर शिपरॉकवरच सांगाडा सापडतो. सपाट वाळवंटातून जवळपास पाचशे मीटर वर उठलेला तो काळा कडा नावाहोंना पवित्र, चढायला बंदी. मग तो माणूस तिथे चढला का, आणि कोणाबरोबर, ही गोष्टीची सुरुवात.

अजून एक गंमत, जी मला फार उशिरा कळली असं नाही पण लोकांना सांगावी लागते. 1885 च्या एका अमेरिकन कायद्यामुळे रिझर्व्हेशनवरचा, म्हणजे मूळनिवासींसाठी राखलेल्या प्रदेशातला, खून हा एफबीआयचा विषय. म्हणजे आपल्या हिरोकडे खुनाची केस अधिकृतपणे नसतेच! 'द डार्क विंड'मध्ये (1982) ड्रग्ज घेऊन येणारं विमान पडतं, माणसं मरतात, आणि चीकडे काय काम, तर पाणी उपसणारी एक पवनचक्की रात्री कोणीतरी मोडतंय ते बघ. पण ती पवनचक्की ज्या जमिनीवर आहे ती होपी आणि नावाहो यांच्या भांडणातली, सरकारने वाटणी केलेली, नावाहो कुटुंबांना तिथून उठवलेली. होपींचा प्रदेश चारही बाजूंनी नावाहोंनी वेढलेला आहे. (ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो करतात, होपी करत नाहीत, त्यामुळे एका रस्त्याने सरळ गाडी चालवलीत तरी तास पुढेमागे होत राहतो.) चीचा दोस्त काउबॉय डॅशी होपी आहे, मदत करतो, चेष्टा करतो, पण विधींचं आलं की ठरावीक रेषेपलीकडे एक शब्द नाही.

झुनींबाबतीत हे अजून कडक. 'डान्स हॉल ऑफ द डेड'ला 1974 मध्ये रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला, त्यात लीपहॉर्न झुनी गावात जातो कारण दोन मुलं गायब, एक झुनी, एक त्याचा नावाहो मित्र. झुनी मुलगा शालाकोच्या विधीत छोट्या अग्निदेवाची भूमिका करणार होता. हिवाळ्यातला हा रात्रभर चालणारा विधी, पक्ष्यासारख्या चोचीचे दहा फूट उंच शालाको, म्हणजे मुखवटाधारी देवदूत, येतात, नव्या घरांना आशीर्वाद देतात. लीपहॉर्न इथे आपल्याइतकाच परका, त्याची भाषा वेगळी, देव वेगळे, आणि झुनी त्याला काहीही सांगायला बांधील नाहीत. 'इंडियन' म्हणजे सगळे एकच असं ज्यांना वाटतं त्यांना मी हेच पुस्तक देते.

आता तुमच्यातले काही जण पुढे विचारतात की हिलरमन स्वतः गोरा, मग? रास्त प्रश्न आहे. 1987 मध्ये नावाहोंनी त्याला आपला खास मित्र म्हणून गौरवलं हे खरंय, पण म्हणून सगळं माफ असं मी धरत नाही. स्किनवॉकर, म्हणजे जनावराचं रूप घेणारा चेटक्या, अशा गोष्टींबद्दल मोठ्याने बोलणंच अनेक नावाहोंना आवडत नाही, आणि त्याने तर ते थेट पुस्तकाचं नाव केलं. मी त्याच्याकडून नावाहो धर्म शिकायला जात नाही, रहस्यकथा वाचायला जाते. 2022 पासून आलेली, याच पुस्तकांवरची 'डार्क विंड्स' ही टीव्ही मालिका बघितलीत तर तिथे लीपहॉर्न झालेला झान मॅक्लार्नन लकोटा या मूळनिवासी जमातीचा आहे आणि लिहिणाऱ्यांतही मूळनिवासी लोक आहेत, फरक जाणवतो, विशेषतः बायकांच्या पात्रांत. पुस्तकांत बायका बराच काळ पडद्यामागेच होत्या. हिलरमनच्या मुलीने, ॲन हिलरमनने, 2013 पासून बर्नी मॅन्युएलिटो या नावाहो पोलीस बाईला पुढे आणून ते भरून काढलं, पण रहस्याची वीण बापाइतकी घट्ट नाही, माझं मत.

तर सुरुवात 'डान्स हॉल'ने करा. माझी प्रत मागू नका, ती आधीच कोणीतरी नेलीय.